बरगड्यांखालचे हात

रॉड खांद्यांवर घेऊन कुंदन खाली बसला आणि वर आला नाही. एवढंच झालं. मांड्या जमिनीला समांतर झाल्या, तो त्याहूनही थोडा खाली गेला, तळव्यांनी फरशी दाबली, आणि नेहमी जिथून वजन सुटायचं तिथून ते सुटलं नाही. दुखलं नाही, काही तुटल्यासारखंही वाटलं नाही. नुसतं काही घडेना. समोरच्या आरशात त्याचा लाल होत चाललेला चेहरा दिसत होता आणि त्याच्या मागे, एरवी जिथे अर्पित उभा असायचा तिथे, भिंतीवरचा पंखा आणि पाण्याचा जार दिसत होता. मग त्याने रॉड मागे सोडून दिला. तळघरातल्या त्या जिममध्ये आवाज इतका मोठा झाला की सगळ्यांनी आपापले हात थांबवले. वस्ताद, म्हणजे धुळ्याहून येऊन इथे जळगावात जिम काढून बसलेला जुना पैलवान, काउंटरमागून न उठताच म्हणाला, "भाऊ, पाय तुझे आहेत, पण फरशी माझी आहे." दोघेचौघे हसले. कुंदनही हसला. चकत्या काढून स्टँडला लावताना त्याने त्या पुन्हा एकदा मोजल्या.

अर्पित नव्हता कारण पर्युषण चालू होतं. त्याने अठाई धरली होती, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत, त्यामुळे जिमचा प्रश्न नव्हता. सुभाष चौकाजवळ त्यांचं साड्यांचं दुकान होतं. कुंदन त्या दुकानात कधी गेला नव्हता आणि अर्पित कुंदनच्या खोलीवर कधी आला नव्हता. दोघांची ओळख जिमच्या दारात सुरू व्हायची आणि दारातच संपायची. संध्याकाळी जेवून साडेसातला अर्पित यायचा, कुंदन कंपनीतून परस्पर यायचा, आणि जड सेटच्या वेळी अर्पित त्याच्या मागे उभा राहायचा. याला जिममध्ये सपोर्ट म्हणतात. खाली बसणाऱ्याच्या बरगड्यांखाली दोन्ही बाजूंनी तळवे धरून मागचा माणूसही त्याच्याबरोबर खाली वाकतो, त्याच्याबरोबर वर येतो. तळवे टेकवायचे, उचलायचं नाही. अडकलाच तर उचलायचं. "तुझंच आहे भाऊ, तुझंच आहे," असं अर्पित प्रत्येक वेळी कानाशी म्हणायचा, म्हणजे मी काही करत नाहीये, हे सगळं बळ तुझंच. कुंदनने एकदा खोलीवर पडल्या पडल्या विचार केला होता की गेल्या आठवड्यात या शहरात आपल्या अंगाला कुणाकुणाचा हात लागला, आणि उत्तर आलं होतं, अर्पितचा. केस कापणाऱ्याचा धरला तर दोघांचा. त्यानंतर तो विचार त्याने पुन्हा केला नाही.

त्याचा कार्यक्रम अगदी सावकाशीचा होता. धुळ्याला एमेस्सी करताना होस्टेलमधल्या मुलांनी जिम लावलेली त्याने पाहिली होती. पहिल्या महिन्यात आरशासमोर आणि तिसऱ्या महिन्यात पलंगावर, असा तो प्रकार. म्हणून स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याने आधी आठ दिवस नुसतं वाचलं. वाचून जी पद्धत निवडली तिचं सूत्र असं: लाज वाटेल इतक्या हलक्या वजनापासून सुरुवात कर. जमलं तर पुढच्या वेळी सर्वांत लहान चकती वाढव. घाई करू नकोस. नाही जमलं तर चिडू नकोस, दहा टक्के मागे जा आणि पुन्हा चढ. त्याला हे पटलं, कारण यात कुणाच्या उत्साहाला जागा नव्हती. तो एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. पाइपचे तुकडे गरम पाण्याच्या टाकीत बुडवून आतून दाब द्यायचा आणि वाट पाहायची, हे त्याचं काम. पाइपला दाब दिला की पाइप थकतो. तास जातात, बाहेरून काही दिसत नाही, आणि मग एका ठिकाणी फुगा येतो. स्नायूंचं उलटं होतं. ताण दिला आणि मग सोडून दिलं, झोपू दिलं, तर ते झोपेत वाढतात. जगात अशी एक तरी वस्तू आहे जी ओझ्याने वाढते, आणि ती आपल्याच कातडीखाली आहे, याचं त्याला पहिले काही महिने फार अप्रूप वाटलं होतं. सांगावंसं वाटलं होतं कुणाला तरी. अर्पितला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "भाऊ, मग आमच्या पप्पांचे खांदे तर कसले वाढायला पाहिजेत," आणि पाणी प्यायला गेला होता.

सांगण्यासारखं खरं कारण त्याने अर्पितला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी रावेरजवळच्या त्याच्या गावी त्याचे वडील, गिरधर पाटील, सगळे त्यांना नाना म्हणत, केळीच्या मळ्यातून घरी आले, चप्पल काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. उजवं अंग गेलं. जीभ जड झाली. तेव्हापासून त्यांना खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीपाशी आणि परत उचलून न्यावं लागे. उचलायचा चुलतभाऊ मगन. मगन घड वाहणारा माणूस, त्याला नाना म्हणजे काही ओझं नव्हतं. रविवारी मात्र मगनची सुट्टी आणि कुंदनची पाळी. पहिल्या रविवारी कुंदनने नानांना उचललं आणि अर्ध्यातच दोघे खाली आले, खाटेच्या काठावरून घसरत, एकमेकांना धरून. लागलं नाही कुणाला. आई, बेबाबाई, धावत शेजारच्या घरी गेली आणि कोणीतरी येईपर्यंत बाप-लेक जमिनीवर एकमेकांकडे न बघता बसून राहिले. मगनने दुसऱ्या दिवशी हे ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "भो, आता तू जयगावले जीम लावशीन, पैसे घालशीन. त्यापेक्षा अथी ये ना केयीचे घड वाहाले. फुकटात होईन जीम." कुंदनने खरंच जिम लावली. आणि आता मगनला दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे काम मिळालं होतं, दसऱ्यानंतर तो जाणार होता. आईचे गुडघे गेलेले. पगारी माणूस ठेवू म्हटलं तर नानांनी डावा हात आडवा हलवला होता, "परका हात नको." मग उरलं ते एवढंच, की नानांना आणि आईला जळगावला आणायचं, तळमजल्यावर दोन खोल्या पाहायच्या, आणि सकाळ-संध्याकाळ कुंदनने त्यांना उचलायचं. एकट्याने. एकट्याने उचलता आलं तर सगळं जमत होतं. नाही आलं तर काहीच जमत नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो साधा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर किलोत होतं.

म्हणून त्या संध्याकाळी तो घाबरला. पुढच्या खेपेला त्याने तेच वजन पुन्हा घेतलं, या वेळी दोन्ही बाजूंना लोखंडी अडसर लावून, आणि पुन्हा तिथेच अडकला. आजारी नव्हता. झोप नीट होती. जेवण तेच. बदललेली गोष्ट एकच होती, आणि प्रयोगात एकच गोष्ट बदलली असेल तर विचार करायला फार जागा राहत नाही. तरी त्याने तो केला नाही. खोलीवर येऊन खिचडी लावली, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता चुकला, आणि करपलेली खिचडी खाल्ली.

संवत्सरीच्या दिवशी अर्पितचा मेसेज आला. हात जोडलेलं चित्र, त्याखाली मिच्छामि दुक्कडम्, जाणता अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा. असे मेसेज त्या दिवशी जळगावात सगळ्यांनाच येतात. कंपनीच्या मालकाकडून येतो, मेडिकलवाल्याकडून येतो, आणि सगळे त्याला हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळे होतात. कुंदनने लिहिलं, "कशाबद्दल?" पडद्यावर अर्पित लिहितोय असं दिसलं, मग थांबलं, मग पुन्हा दिसलं, मग काहीच आलं नाही. पारणं होऊन तीन-चार दिवसांनी तो जिममध्ये आला. गाल बसले होते, टी-शर्ट अंगावर लोंबत होता. त्याने वजनाला हात लावला नाही. बाकावर कुंदनशेजारी बसला.

"सगळे हात जोडतात भाऊ," तो म्हणाला. "कशाबद्दल असं आजवर कुणी विचारलं नाही. तूच पहिला."

"मग सांग ना."

"मी उचलत होतो."

"कधीपासून?"

"आता ते… उन्हाळ्यात असेल. आंबे चालू होते."

"किती?"

"किती म्हणजे?"

"किती किलो उचलत होतास?"

अर्पित हसला. "भाऊ, हाताला काय काटा लावला होता का? थोडं. खाली गेलास की तू कापायचास. तुला नाही कळत, मला बरगड्यांत कळायचं. मग थोडं." त्याने दोन्ही तळवे वर करून, जणू पाण्यावरचं काही उचलावं तसं दाखवलं. "नाही जमलं तर तू दहा टक्के मागे जाणार. मग तोंड पाडणार. मग दोन दिवस येणार नाहीस. मागच्या वेळी आला नव्हतास. मी कोणाबरोबर करू? वस्तादबरोबर?"

"पण मग तुझंच आहे, तुझंच आहे कशाला म्हणायचास?"

"ते तर सगळेच म्हणतात."

कुंदनला राग आला नाही, निदान राग म्हणून जे त्याला माहीत होतं ते आलं नाही. पोकळी आली. उन्हाळ्यापासूनचे सगळे आकडे त्याच्या डोक्यात पाठ होते आणि ते आता एकामागून एक दिवे जावेत तसे जात होते. ज्या आकड्यावर तो उभा होता तो एका माणसाचा नव्हताच. दोन माणसांचा होता, आणि त्यातला दुसरा किती हे कुणालाच माहीत नव्हतं, दुसऱ्यालाही नाही. "यापुढे हात लावू नकोस," तो म्हणाला. अर्पित म्हणाला, "चालेल." मग, "उभा तर राहू ना?" कुंदन म्हणाला, "उभा राहा. पण समोर." त्याला वाटलं होतं, हे न्याय्य आहे.

त्या रविवारी गावी गेला तो याच नजरेने. एकदा एका नळीत गळती सापडली की माणूस सगळ्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून पाहतो. सकाळी मोरीकडे न्यायची वेळ झाली. नाना खाटेच्या काठावर बसले, पाय खाली. कुंदन समोर वाकला, त्यांच्या दोन्ही काखांतून हात घालून पाठीमागे बरगड्यांखाली एकमेकांत गुंफले, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. या मिठीत दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. एरवी त्याला समोरची भिंत आणि खुंटीवरची नानांची टोपी दिसायची. आज त्याने उभं राहायची जागा थोडी बदलली होती, लोखंडी कपाटाच्या आरशात खालचं दिसावं म्हणून. त्याने श्वास घेतला, उचललं. आणि आरशात नानांचा डावा पाय दिसला. टाच वर आलेली, बोटं फाकवून फरशीत रोवलेली, पोटरीची शीर दोरीसारखी. नाना उठत होते. कुंदनला ते कधीपासून हलके वाटू लागले होते ते त्याला आठवलं, आषाढाच्या आसपास, आणि तेव्हा बसमध्ये खिडकीशी बसून आपण किती खूश झालो होतो तेही आठवलं. खुर्चीत ठेवल्यावर नाना धापा टाकत होते. तोंडाचा चांगला कोपरा वर गेला होता. "आज… झट झालं," ते म्हणाले. कुंदन "हो" म्हणाला.

जळगावला परत येऊन तो दहा टक्के मागे गेला. खरं म्हणजे त्याहून थोडा जास्तच, कारण मोजताना पदरात काही टाकायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. आणि पुन्हा चढू लागला. गणपती उठले, नवरात्र बसलं. अर्पित समोर उभा राहायचा, हात पाठीमागे बांधून, आरशाचा थोडा भाग अडवून. आता त्याला काय बोलावं ते सुचत नसे. तुझंच आहे म्हणण्यात काही अर्थ राहिला नव्हता, कारण ते आता खरं होतं. एकदा तो नुसता "हां" म्हणाला. कुंदन खाली जायचा, कापायचा, आणि तळाशी जी एक क्षणभराची जागा असते, जिथे अजून काही ठरलेलं नसतं, तिथे त्याच्या बरगड्यांना हवा लागायची. तिथे हात होते तेव्हा ते हात आहेत हे कधी जाणवलं नव्हतं. पण तो वर यायचा. दसऱ्याच्या आधी तो त्याच वजनाशी आला आणि ते घेऊन वर उठला. स्वच्छ. वस्तादनेही मान हलवली. अर्पितने टाळी देण्यासाठी हात पुढे केला, मग काय वाटलं कोण जाणे, त्याच हाताने पट्टा घट्ट केला आणि म्हणाला, "दिवाळीनंतर मी सकाळी येणार आहे. पप्पांना आता संध्याकाळी दुकानात जमत नाही." कुंदन म्हणाला, "बरं."

पुढच्या रविवारी आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. मगनची पेटी बांधून तयार होती आणि तो दारात उभा राहून, आता ओळख ठेवाल ना अशी थट्टा करून गेला होता, "नाना, आता जयगावचे पाटील तुम्ही. आम्हाले वयखशान ना?" नानांचा चेहरा हसला होता. कुंदन खाटेसमोर वाकला आणि हात गुंफण्याआधी त्याने ते म्हटलं. कसं म्हणायचं हे तो बसमध्ये ठरवून आला होता. तपासणीच्या तक्त्याखाली टीप लिहावी तसं साधं.

"नाना, आज तुम्ही जोर लावू नका. पाय पण टेकवू नका. सगळं अंग सोडून द्या. मला पाहायचंय, एकट्याला जमतं का."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं असं त्याला नंतर वाटलं, त्या वेळी वाटलं नव्हतं. मग त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं.

माणूस अंग सोडतो म्हणजे काय करतो हे कुंदनला माहीत नव्हतं. रॉडला दोन टोकं असतात, मधोमध पकड असते. इथे सगळं सगळीकडून खाली जात होतं. डोकं त्याच्या खांद्यावर पडलं ते टेकलं नाही, नुसतं पडलं, आणि ओठांची ओल त्याच्या मानेला लागली. डावा हात, चांगला हात, जो एरवी त्याच्या पाठीला धरायचा, तोही लोंबला. कुंदनने कंबर सरळ केली, पोट घट्ट केलं, तळव्यांनी फरशी दाबली. ते उठलं. मांड्यांनी उचललं, जसं उचलायला हवं तसं, पाठीला काही न होता. त्याने वळून, तीन पावलांत, बापाला खुर्चीत ठेवलं, पाय एक एक करून पाटावर ठेवले. त्याच्या छातीत मोठं काही फुटल्यासारखं झालं आणि तो आनंद होता, त्याबद्दल शंका नाही. वर्षभराचा आनंद होता तो. जळगावच्या दोन खोल्या, कमोडची खुर्ची, आईसाठी उंच ओटा, सगळं त्या एका क्षणात जागच्या जागी बसलं.

नानांनी डोळे उघडले. ते धापा टाकत नव्हते. खाली आपल्या डाव्या पायाकडे त्यांनी पाहिलं, नवीन चप्पल पाहावी तसं.

"जमलं तुले," ते म्हणाले.

दुपारी आई भाकरी थापत होती आणि कुंदन चुलीपाशी पाटावर बसला होता. त्याने तिला सांगितलं, अगदी नीट समजावून, की आता चिंता नाही, आपण नानांचा काही आधार न घेताही करू शकतो, त्यांची तब्येत आणखी खालावली तरीही. आईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"म्हनूनच आज जेवले नाहीत का नीट," ती म्हणाली.

"का?"

"अरे, ते दर शुक्रवारपासून पाय हालवत बसतात. खुर्चीतच. वर, खाली. मी इचारलं, काय करी राह्यले? तं म्हने, कुंदन येईन ना रविवारी. त्याले जड जातो मी." तिने भाकरी उलटली. "सुरुवातीले पाच खेपा व्हत नव्हत्या. हयूहयू वाढवल्या. मले बोलू देत नव्हते, त्याले सांगू नको म्हने."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती भाकरीकडे बघत होती. कुंदनने हात धुतले, जे आधीच धुतलेले होते. बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरमध्ये घड भरत होते, पानांवर घड ठेवल्याचा मऊ जड आवाज येत होता, थांबत होता, येत होता. खुर्चीत बसून एक माणूस शुक्रवारी सुरुवात करतो. लाज वाटेल इतक्या हलक्यापासून. जमलं तर पुढच्या वेळी थोडं जास्त. कुठे वाचलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही, मागे कुणी उभं नाही. कुंदनला वाटलं, हे आपल्याला कुणाला तरी सांगता यायला हवं होतं, आणि तो ज्याला सांगू शकला असता असा माणूस आत खुर्चीत बसला होता.

ऊन उतरल्यावर नानांना परत खाटेवर घ्यायची वेळ झाली. तो त्यांच्यासमोर वाकला. पाटावरून दोन्ही पाय खाली घेतले, डावा तळवा आपल्या हाताने फरशीवर सपाट ठेवला, बोटं मोकळी केली. ती गार होती. हात त्यांच्या बरगड्यांखाली गुंफले, डोकं खांद्यावर घेतलं.

"नाना, पाय टेका."

"कायले," नाना त्याच्या कानाशी म्हणाले. जड जिभेने, पण रागाने नव्हे, एखाद्या कामातून मोकळं झालेल्या माणसासारखं. "जमते ना तुले."

"तरी टेका. थोडा."

कुंदन तसाच वाकून थांबला. मांड्या भरून आल्या, पाठीत कळ सुरू झाली, आई दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली. खाली काही हलतं का याची तो अंगाने वाट पाहत होता, डोळ्यांनी नाही, आणि अंगाला काहीच कळत नव्हतं. मग फार वेळ कुणाला असं धरून ठेवता येत नाही म्हणून त्याने श्वास आत घेतला आणि बापाला उचललं. वजन सकाळी होतं तेवढंच होतं.